दोन पाण्यांची शीव

(नभोवाणीवरील भाषण)



किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले की तो क्षितिजापर्यंत सर्वत्र एकसारखाच आहे, असा आपला समज होतो. जमिनीवर डोंगर, दरी, माळ, शेत, कुळागर असे निरनिराळे भाग डोळ्यांना दिसतात; पाण्यावर तसे काही दिसत नाही. पण हा समज खरा नव्हे. समुद्रातही निरनिराळ्या पाण्यांचे प्रांत असतात. एकाचे पाणी उबदार तर दुसऱ्याचे थंड, एकाचे अधिक खारट तर दुसऱ्याचे कमी खारट. असे दोन प्रांत जेथे एकमेकांस भिडतात तेथे, दोन गावांच्या मध्ये शीव असावी तशी, एक अरुंद पट्टी तयार होते. त्या पट्टीत थोड्याच अंतरात पाण्याचे गुणधर्म झपाट्याने बदलतात. शास्त्रज्ञ तिला 'फ्रंट' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील हवामानशास्त्रज्ञांनी उष्ण व थंड हवा जेथे भिडते त्या जागेस रणांगणावरील आघाडीचे हे नाव दिले, आणि पुढे ते समुद्रशास्त्रातही रूढ झाले. जपानी कोळ्यांच्या भाषेत याच गोष्टीला 'शिओमे' असा स्वतंत्र शब्द आहे. मी आज आपला साधा 'शीव' हाच शब्द वापरणार आहे.

या शिवेवर कोणते सूक्ष्म प्राणी राहतात, ते तेथे का जमतात, आणि त्यांच्या जमण्याचा आपल्या जाळ्याशी व ताटाशी काय संबंध आहे, हे थोडक्यात सांगण्याचा माझा विचार आहे.

अशी एक लहानशी शीव पेडणे तालुक्यातील पुष्कळ लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पावसाचे दिवस असावेत, भरतीची वेळ असावी आणि केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीतून नदीच्या मुखाकडे नजर टाकावी. अलीकडे नदीचे तांबूस, गढूळ पाणी. पलीकडे समुद्राचे हिरवट पाणी. आणि दोहोंच्या मध्ये वाकडीतिकडी, लांबच लांब फेसाची रेघ. त्या रेघेवर पालापाचोळा, काटक्या, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि आताशा प्लॅस्टिकच्या बाटल्या दाटीने तरंगत असतात. वर घारी घिरट्या घालीत असतात. शापोरा नदीच्या मुखाशी आणि मांडवीच्या मुखाशीही असेच दृश्य दिसते. डिचोली तालुक्यातील श्रोत्यांना समुद्र दूर वाटत असेल. परंतु वाळवंटी आणि डिचोली या नद्यांचे पाणी शेवटी मांडवीलाच मिळते, आणि मांडवीत भरतीची चढउतार मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते. तेव्हा ही शीव डिचोलीकरांचीही आहे.

ही फेसाची रेघ कशी उमटते? नदीचे गोडे पाणी हलके आणि समुद्राचे खारे पाणी जड. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. भरतीबरोबर खारे पाणी आत रेटले गेले की ते गोड्या पाण्यास भिडते आणि जड असल्यामुळे त्याच्या खाली बुडी मारते. दोन्हीकडून पृष्ठभागावरचे पाणी रेघेकडे येत राहते व तेथे खाली जाते. पाणी खाली जाते, पण त्याच्यासोबत आलेला फेस, पाने, काटक्या या वस्तू तरंगणाऱ्या असल्याने खाली जाऊ शकत नाहीत. त्या तेथेच अडकून राहतात. फेसाची रेघ म्हणजे, पाणी खाली गेले आणि तरंगणारे मागे राहिले, याची खूण होय. भर समुद्रातील मोठ्या शिवाही याच तत्त्वावर चालतात. त्या दहादहा, कधी शेकडो किलोमीटर लांब असतात. पण तेथे पाण्याचा रंग क्वचितच इतका स्पष्ट बदलतो, म्हणून डोळ्यांना त्या सहसा दिसत नाहीत. तापमान व क्षारता मोजणारी उपकरणे किंवा आकाशातील उपग्रहच त्या दाखवून देतात.

आता या शिवेवरील रहिवाशांची ओळख करून घेऊ. समुद्राच्या पाण्यात असंख्य लहान जीव प्रवाहाबरोबर वाहत असतात. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली त्यांना 'प्लँक्टन', म्हणजे भटके, असे नाव दिले. मराठीत आपण त्यांना प्लवक म्हणतो. त्यांपैकी सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना किंवा एकमेकांना खाणारे ते प्राणिप्लवक. प्राणिप्लवकांत सर्वांत अधिक भरणा कोपेपॉड या प्राण्यांचा. हे झिंग्यांचे दूरचे भाऊबंद. लांबी बहुधा एकदोन मिलिमीटर. म्हणजे तांदळाच्या कणीएवढी किंवा तिच्याहूनही कमी. पाय वल्ह्यांसारखे, म्हणून ग्रीक भाषेत त्यांना 'वल्हेपाय' अशा अर्थाचे नाव मिळाले. यांच्याखेरीज बाणाच्या आकाराचे पारदर्शक बाणकृमी, जलपिसवा, पाण्यासारखे पारदर्शक साल्प, लहानमोठे जेलीमासे असे नाना प्रकार असतात. आपण ज्याला गालमो म्हणतो, तो सुकवलेला जवळा म्हणजे प्राणिप्लवकांच्याच मेळ्यातील एक थोराड सोबती होय. शिवाय तिसऱ्या, खुबे, कालवे, कुर्ल्या, झिंगे आणि बहुतेक मासे यांची पिल्ले आपले बालपण प्लवक म्हणूनच काढतात. खाजनाच्या मानशीतून आत येणारी झिंग्यांची पिल्ले याच वाटेने आलेली असतात. तेव्हा प्राणिप्लवक ही मत्स्यसृष्टीची शिदोरी आहे आणि तिची बालवाडीही आहे. बांगडा मुख्यतः कोपेपॉडांवर पोसला जातो. तारले वनस्पतिप्लवक आणि कोपेपॉड असे दोन्ही गिळते.

आपल्या भागातील समुद्राच्या या वस्तीची मोजदाद कधी सुरू झाली, हेही सांगितले पाहिजे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. भारताची 'किस्तना' ही नौका तीत होती. सर्वांची जाळी सारखी असावीत म्हणून एक प्रमाणित जाळे ठरवण्यात आले. त्याचे तोंड एक चौरस मीटर आणि छिद्रे मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढी. ते २०० मीटर खोल सोडून सरळ वर ओढावयाचे. या जाळ्यांतून निघालेले नमुने वेगळे करण्याचे काम कोची येथील हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात झाले. याच मोहिमेच्या पोटी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. आज ती आपल्या दोनापावल येथे उभी आहे आणि कोचीचे ते केंद्रही तिचीच शाखा झाले आहे. 'गवेषणी', 'सागरकन्या' या नौकांवरून आणि २०१४ साली दाखल झालेल्या 'सिंधू साधना'वरून या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्र पिंजून काढला आहे. शीव अभ्यासावयाची तर नौका तिला आडवी छेदून जाते. अलीकडे, शिवेवर आणि पलीकडे अशा ठिकाणी थांबून निरनिराळ्या खोलींवरचे तापमान व क्षारता मोजतात, जाळी ओढतात, नमुने औषधात राखून ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्राणी ओळखून मोजण्याचे महिनोगणती चालणारे काम सुरू होते.

या अभ्यासातून शिवेची तीन कामे ध्यानात आली आहेत. पहिले काम वेगळे ठेवण्याचे. प्राणिप्लवकांच्या प्रत्येक जातीला ठराविक उष्णता व क्षारता मानवते. आपल्या नद्यांच्या मुखातले उदाहरण घ्या. अकार्शिया, स्यूडोडायाप्टोमस या कोपेपॉडांच्या कित्येक जाती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात सुखाने राहतात. हेलिओडायाप्टोमस हा गोड्या पाण्यातला. तर कित्येक जाती भर समुद्राच्या खाऱ्या पाण्याबाहेर टिकत नाहीत. पावसाळ्यात नदी फुगली की ही शीव मुखाकडे सरकते आणि गोड्या पाण्यातली मंडळी खाली येतात. मार्च-एप्रिलमध्ये ती नदीत आत सरकते आणि समुद्रातली मंडळी वर चढतात. नकाशावरची गावाची शीव कायम असते. ही मात्र भरती-ओहोटीबरोबर आणि ऋतूंबरोबर हलत राहते.

दुसरे काम पोसण्याचे. शिवेच्या कडेला काही ठिकाणी पाणी खाली जाते, त्याचप्रमाणे काही ठिकाणी खालचे पाणी वर येते. खोल पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखे क्षार साठलेले असतात. शेतातल्या खताप्रमाणे ते वनस्पतिप्लवकांस लागतात. हे खत उजेडात आले की वनस्पतिप्लवक भराभर वाढतात. खत मुबलक असेल तेथे डायटम नावाचे मोठ्या आकाराचे वनस्पतिप्लवक माजतात. त्यांना मोठे कोपेपॉड खातात आणि त्यांना मासे. साखळी आखूड राहते. खत कमी असेल तेथे अतिसूक्ष्म पेशीच तग धरतात. त्यांना एकपेशीय प्राणी खातात, त्यांना लहान कोपेपॉड, त्यांना बाणकृमी, आणि मग कोठे माशाची पाळी येते. प्रत्येक पायरीवर अन्नातील बहुतेक शक्ती, ढोबळ मानाने दहातील नऊ भाग, खर्ची पडते. म्हणून आखूड साखळीच्या पाण्यात मासे अधिक.

तिसरे काम जमवण्याचे. फेसाच्या रेघेचे तत्त्व येथे पुन्हा उपयोगी पडते. फेस तरंगतो म्हणून अडकतो. कोपेपॉड पोहतो म्हणून अडकतो. पाणी त्याला शिवेकडे आणते व खाली ओढू लागते. पण त्याला वरच्या उजेडाच्या व अन्नाच्या थरातच राहावयाचे असते, म्हणून तो वरच्या दिशेने पोहत आपली खोली राखतो. पाणी निघून जाते, तो मागे राहतो. असे लाखो जीव एकाच अरुंद पट्टीत साचतात. त्यांच्या मागोमाग बांगड्यांचे थवे येतात, बांगड्यांच्या मागोमाग सुरमई, पक्षी आणि डॉल्फिन येतात. रात्रभर जाळी टाकून हाती काहीच न लागलेल्या, आणि मग नावेच्या उजव्या अंगाला जाळे टाकताच ते भरून आलेल्या गालीलच्या कोळ्यांची कथा आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरांत मुलांना लहानपणापासून ऐकवली जाते. त्या कथेचा आध्यात्मिक अर्थ निराळा आहे. पण पाण्यात मासा सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, एका बाजूस काहीच नसावे आणि थोड्याच अंतरावर जाळे फाटावे असे घडू शकते, हे तर आपला कोणताही रापणकार अनुभवाने सांगेल.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. शिवेवर जे जीव दाटलेले दिसतात, ते तेथे जन्मलेले असतात की केवळ जमलेले असतात? याचे उत्तर शीव किती दिवस टिकली यावर अवलंबून आहे. वनस्पतिप्लवकाची पेशी अनुकूल स्थितीत दिवसाकाठी एकदा दुभंगू शकते; म्हणून तीनचार दिवसांतच त्याचे पीक उभे राहते. कोपेपॉडाचे तसे नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर त्याला कात टाकीत टाकीत अकरा बालावस्थांतून जावे लागते आणि मगच तो प्रौढ होतो. आपल्या उष्ण पाण्यातही यास साधारण दोनतीन आठवडे लागतात. शीव जर आठवडाभरातच विरली, तर तेथे नवी पिढी तयार होण्यास अवधीच मिळत नाही. ती महिनाभर टिकली, तर मात्र तेथे खरी वाढ होते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची उपमा घेतली म्हणजे हे सहज समजेल. पेडण्याचा, डिचोलीचा, बारदेशाचा माणूस त्या दिवशी तेथे भेटतो. गर्दी दांडगी असते. पण संध्याकाळी बाजार उठला की ती पांगते. त्या गर्दीवरून म्हापशाची लोकसंख्या वाढली, असे कोणी म्हणणार नाही. अल्पजीवी शीव म्हणजे असा आठवड्याचा बाजार; दीर्घकाळ टिकणारी शीव म्हणजे घरेदारे, मुलेबाळे असलेले गाव. जाळ्यात दोन्हीकडे सारखेच प्राणी भरून येतील. परंतु समुद्राच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ अगदी निराळा आहे.

दुसरा प्रश्न विविधतेचा. शिवेवर दोन्ही पाण्यांतल्या जाती एकत्र येतात, म्हणून तेथे जातींची संख्या पुष्कळदा अधिक भरते. परंतु नेहमीच असे होत नाही. बाजारात शंभर विक्रेते असावेत आणि त्यांपैकी नव्वद जणांनी केवळ बांगडेच मांडावेत, तर गर्दी असली तरी वैविध्य कोठे? विविधता मोजताना किती जाती आहेत हे जसे पाहतात, तसे त्यांचे वाटप कितपत समान आहे हेही पाहतात. शिवेवर अन्न एकदम वाढले की भराभर वीण वाढवणाऱ्या एकदोन जाती इतरांना मागे टाकतात. जलपिसवांचे उदाहरण बोलके आहे. अनुकूल काळात त्यांच्या माद्या नराशिवायच प्रजा निर्माण करतात, त्यामुळे पेनिलियासारखी जलपिसू पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात अल्पावधीत थव्यांनी माजते. साल्पांचेही तसेच. अशा वेळी जाळे जड लागते, पण त्यात पाहावे तो एकाच जातीचा चिखल. उलट शिवेपासून दूर, खत कमी असलेल्या निळ्या पाण्यात जीव विरळ. मात्र अनेक जाती थोड्याथोड्या संख्येने एकत्र नांदताना आढळतात. तात्पर्य, गर्दी म्हणजे विविधता नव्हे. शीव गर्दी बहुधा वाढवते. विविधता ती कधी वाढवते, कधी घटवते. कोणती दोन पाणी भेटली आणि ती भेट किती दिवस टिकली, यावर ते ठरते.

आता हे सारे आपल्या गोव्यासमोरील समुद्रात वर्षभर कसे घडते ते पाहू. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खोल समुद्रातील थंड पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावर चढून येऊ लागते. केरळच्या बाजूस ते बरेच वर येते. आपल्याकडे मात्र वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्या ते पाणी समुद्रात ओततात. हे गोडसर हलके पाणी पातळ झाकणासारखे वर पसरते व खालून आलेले थंड पाणी त्याच्या खाली अडकते. म्हणजे येथे उभ्या शिवेबरोबर एक आडवी शीवही तयार होते. त्या झाकणाखाली कुजणाऱ्या पदार्थांमुळे प्राणवायू संपत जातो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरील समुद्रात १९९७ सालापासून याची वारंवार मोजणी केली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तेथे तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो. मग तळाजवळ राहणाऱ्या प्राण्यांना वरच्या थरात किंवा किनाऱ्याकडे सरकावे लागते. राहण्याजोगी जागाच आक्रसते.

भर अरबी समुद्रातही अशी आडवी शीव आहे. सुमारे १५० मीटरांपासून १००० मीटरांपर्यंत प्राणवायू अत्यल्प असलेला पाण्याचा प्रचंड थर तेथे पसरलेला आहे. बहुसंख्य प्राणिप्लवक त्याच्या वरच राहतात. प्ल्यूरोमामा इंडिका हा कोपेपॉड मात्र अशा पाण्यातही निभावून नेतो. दिवसा खाली जाऊन शत्रूच्या नजरेआड राहावे आणि रात्री वर येऊन चरावे, असा त्याचा क्रम.

हिवाळ्यात चित्र पालटते. किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागरातील कमी खारट पाण्याचा अंश बरोबर घेऊन येतो. त्याच वेळी उत्तर अरबी समुद्रावर जमिनीवरून कोरडे, गार वारे वाहतात. तेथले मुळातच अधिक खारट असलेले पाणी थंड होऊन आणखी जड होते व खाली बुडते. खालचे खतयुक्त पाणी वर मिसळते. दक्षिणेचे उबदार, हलके पाणी आणि उत्तरेचे थंड, जड पाणी ही दोन्ही गुजरात-कोकणापासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यासमोर एकमेकांस भिडतात. तेथे शिवा, भोवरे आणि पाण्याचे लांबट पदर निर्माण होतात. अनुभवी कोळी ज्या काळास चांगल्या मासेमारीचा हंगाम म्हणतात, तो बराचसा याच सुमारास येतो.

अरबी समुद्राच्या प्राणिप्लवकांविषयी एक जुने कोडेही आहे. वनस्पतिप्लवकांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बरेच कमीजास्त होते. पण वरच्या थरातील प्राणिप्लवकांचे एकूण वजन मात्र त्या मानाने फारसे बदलत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. मधुप्रताप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली हे दाखवून दिले व त्याची उकलही सुचवली. दुष्काळी महिन्यांत जिवाणू आणि त्यांना खाणारे एकपेशीय प्राणी हेच कोपेपॉडांचे अन्न होते, आणि दुसऱ्या वाटेने का होईना, साखळी चालू राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला बोध असा की, वजन तेच राहिले तरी त्या वजनात कोण आहेत, हे बदलत असते. केवळ जाळ्याचे वजन पाहून समुद्राची प्रकृती कळत नाही.

शिवांचे हे शास्त्र जगभर चालते. सर्वांत प्रसिद्ध शीव दक्षिण ध्रुवाभोवतीच्या महासागरात आहे. तेथे ध्रुवाकडचे गार पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याखाली बुडते. अलीकडे एका प्रकारचे कोपेपॉड, पलीकडे दुसऱ्याच प्रकारचे, आणि दक्षिणेस देवमाशांचे खाद्य असलेला क्रिल. आपल्या वास्को शहरातील हेडलँड सडा येथे जी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आहे, तिच्या दक्षिण महासागरावरील मोहिमा २००४ सालापासून याच शिवा ओलांडून जात आल्या आहेत. म्हणजे दोनापावल आणि सडा, या समोरासमोरच्या दोन टेकड्यांवरून जगातील शिवांचा अभ्यास चालतो, ही गोष्ट गोव्यातील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या ज्ञानाचा व्यवहारात मोठा उपयोग झाला आहे. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांवरून समुद्राचे तापमान व हिरवेपणा पाहते, शिवा हुडकते आणि मासा कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना मच्छीमारांना देते. ती मोबाईल फोनवर येते, बंदरावरील फलकावर लागते. यामुळे मासा हुडकीत फिरण्याचा वेळ आणि डिझेलचा खर्च वाचतो. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाची ही नजर अडते. पण तेव्हा मासेमारीही बंदच असते.

तथापि, येथेच सावध राहिले पाहिजे. शीव हे जसे जमण्याचे ठिकाण तसेच ते सापळ्याचेही ठिकाण आहे. मासा, त्याचे खाद्य आणि त्याची पिल्ले तेथे एकाच वेळी दाटलेली असतात. मोठ्या यांत्रिक नौकांनी त्या पट्टीवर जाळे आवळले तर जाळे भरते खरे. पण आठवड्याच्या बाजारातील गर्दी पाहून गावात सुबत्ता आहे असे समजावे, तसा तो भ्रम ठरू शकतो. सभोवारचा समुद्र ओस पडत गेला तरी शिवेवरचे जाळे काही काळ भरतच राहते, आणि धोका ध्यानात येईतो उशीर झालेला असतो. प्रखर एलईडी दिव्यांनी रात्री प्लवक व मासे एका जागी गोळा करण्याची पद्धत म्हणजे माणसाने बनवलेली खोटी शीवच होय. केंद्र सरकारने २०१७ साली तिच्यावर बंदी घातली ती योग्यच म्हटली पाहिजे. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याला मासा किनाऱ्यापर्यंत आला तरच मिळतो. शिवेवरच सारे उपसले गेले तर हरमल-मोरजीच्या रापणीत येणार काय?

दुसरा धोका कचऱ्याचा. फेसाची रेघ पाने जशी धरून ठेवते तशी प्लॅस्टिकही धरून ठेवते. मोरजी व मांद्रे येथे कासवे अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले समुद्रात जातात. अशा तरंगत्या पट्ट्यांत कासवांची पिल्ले आसरा व अन्न शोधतात, हे इतर समुद्रांत पाहिलेले आहे. ज्या रेघेवर त्यांनी अन्न शोधावे तेथेच प्लॅस्टिकचे तुकडे साचलेले असतात. साखळी-डिचोलीच्या बाजारातून ओढ्यात पडलेली पिशवी अखेर याच रेघेवर पोहोचते.

तिसरा धोका तापत्या समुद्राचा. पाण्याचा वरचा थर जितका तापेल तितका तो हलका होतो आणि खालचे खतयुक्त पाणी वर मिसळणे अवघड होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी व सहकाऱ्यांनी २०१६ साली असे दाखवले की, पश्चिम हिंदी महासागरात मागील सहा दशकांत वनस्पतिप्लवक काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात नॉक्टिल्यूका या हिरव्या, रात्री चमकणाऱ्या जीवाचे थर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. रात्री लाटांवर निळसर प्रकाश पाहून आपण हरखून जातो. परंतु हा जीव कोपेपॉडांच्या फारसा उपयोगी पडत नाही. त्याला खातात ते मुख्यतः साल्प आणि तत्सम पारदर्शक प्राणी, ज्यांत बांगड्याचे पोट भरण्याजोगे सत्त्व थोडेच. गर्दी वाढली, पण भलत्याचीच वाढली, असा हा प्रकार आहे.

यावर आपण काय करावयाचे? समुद्र थंड करणे आपल्या हाती नाही. पण १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात जी मासेमारीबंदी असते, ती मनापासून पाळणे आपल्या हाती आहे. तिला केवळ सरकारी हुकूम समजू नये. या दिवसांत नद्या फुगलेल्या असतात, शिवा किनाऱ्यालगत सरकलेल्या असतात आणि अनेक माशांच्या विणीचा हाच काळ असतो. आपल्या पूर्वजांनी हे आपल्या परीने ओळखले होते. २९ जूनला संत पेद्रूच्या फेस्ताला होड्या जोडून सांगोड बांधतात, तेव्हा जाळी घरातच असतात. हिंदू दर्यावर्दी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होडी लोटतात. दोन धर्मांच्या दोन सणांनी एकाच ऋतूचा मान राखला आहे.

शाळाशाळांतूनही थोडे करता येईल. पेडण्यातील एखाद्या शाळेतील मुलांनी पाऊस सरल्यावर, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, फेसाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे पाणी दोन बाटल्यांत आणावे. तलम कापडातून गाळून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. कोणत्या बाटलीत किती जीव आहेत, हे मुले लगेच मोजू लागतील. त्यांना एवढेच सांगावे की, किती आहेत हे मोजून झाल्यावर किती प्रकारचे आहेत, हेही मोजा. दोन उत्तरे निराळी आली की समुद्राविषयीची एक मोठी गोष्ट त्यांना पुस्तकाशिवाय कळलेली असेल.